कोट मेहताबची वगळलेली गल्ली

१

पैज लावून सांगावं, की ह्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. एक तर ती घडली कुवेतमध्ये, त्यात ती पंजाबातल्या एका गावाची, आणि तिचा छडा लावणारा गृहस्थ रेवदंड्याचा. शिवाय तो गृहस्थ म्हणजे दिनकर रेगे. तिथल्या फिंतास भागातल्या मराठी मंडळींत दिनकररावांचं नाव निघालं की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकतात. त्यांच्या परसात एक खेकडा होता आणि तो भरतीची वेळ सांगायचा, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की त्या खेकड्याचं वय आता त्यांच्यापेक्षा जास्त भरतं. सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये उभी हयात गेली. तिथं रक्ताचा थेंबसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्याचं उट्टं निवृत्तीनंतर तोंडानं काढलं.

तर त्या सकाळी सून रसिका कॅज्युअल्टीची ड्यूटी संपवून घरी आली आणि पर्स न उतरवताच खुर्चीत बसली.

"बाबा, चहा द्या. आणि थापा नकोत आज."

दिनकररावांनी मुकाट्यानं आधण ठेवलं. रसिका रडत नसे. आज तिचे डोळे लाल होते.

"ते म्हातारे सरदारजी," ती म्हणाली. "गेल्या रविवारी समुद्राकाठच्या बाकावरून आणलेले. आणले तेव्हाच संपलेले होते. अजून शवागारातच आहेत. पासपोर्टवर नाव सरवण सिंग, गाव कोट मेहताब, जिल्हा पंजाबातला कुठलासा. घरचा फोन नुसता वाजतोय. तिकडून कळवलंय की बायको वारलेली, दाराला कुलूप. आता म्हणतात, कोणी पुढे आलं नाही तर इथंच पुरायचं."

"शीख माणसाला?"

"तेच ना. इथं अग्नीची सोय नाही. अग्नी द्यायचा तर गावी पाठवायला हवं, आणि पाठवायला कोणीतरी आपला माणूस म्हणायला हवं." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "आणि बाबा, त्यांच्या खिशात रुमालात बांधलेली एक रोटी होती. अख्खी. घाससुद्धा मोडलेला नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावर मी काय काय पाहिलंय, पण ही रोटी डोळ्यांपुढून जात नाही."

दिनकररावांचं लक्ष मात्र गावाच्या नावावर अडकलं होतं. कोट मेहताब. दर शुक्रवारी ज्या खानावळीत ते जेवायला जात, ती कोट मेहताबच्याच साबीरनं काढलेली. साबीर कोविडात गेला. आता त्याची बायको नूरी तंदूर सांभाळते, ती सहारनपूरकडची. आणि त्याच खानावळीत शुक्रवारी दिनकररावांच्या टेबलाला तीन माणसं असत, तिघंही कोट मेहताबची. क्रेन चालवणारा जगदेव ढिल्लों, बकाल्याच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, गल्ल्यावर बसणारा तिलकराज आणि कंपनीच्या बसचा ड्रायव्हर युनूस मसीह. एवढंसं गाव, चार गल्ल्यांचं. तिथला माणूस परदेशात मरतो आणि हे तिघं गप्प?

त्यांनी फोन लावले. जगदेव म्हणाला, नाव ऐकलेलं नाही. युनूस म्हणाला, गावाचं नाव चुकून पडलं असेल. तिलकराजला त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या गावचे कोणी सरवण सिंग इथं वारले का हो?"

"नाही बाऊजी," तिलकराज म्हणाला. "त्या म्हाताऱ्याला मी ओळखत नाही."

दिनकररावांनी फोन ठेवला आणि सुनेकडे पाहिलं.

"म्हातारा हा शब्द मी काढलाच नव्हता."

२

खोटं बोलणाऱ्याला सरळ प्रश्न विचारू नये, हे दिनकररावांना स्वानुभवानं ठाऊक. सरळ प्रश्नाला तयार उत्तर असतं. म्हणून त्यांनी मेलेल्या माणसाची गोष्टच सोडून दिली. प्रत्येकाला म्हणाले, "एक मोठी थाप रचतोय, तुमच्या गावावर. थाप टिकायची तर गाव खरं लागतं. सांगा बघू."

गावाबद्दल विचारल्यावर गप्प बसेल असा परदेशातला माणूस अजून जन्मायचाय. बोलणं सगळं हिंदीत चाले. इथं आपण ते मराठीत ऐकू.

जगदेव भेटला मीना अब्दुल्ला नावाच्या भागात, क्रेनच्या यार्डाबाहेर, पगडीला धुळीचा थर.

"लिहा, बाऊजी. पहिले आम्ही जाट. गावाच्या कडेला, शेताला लागून. मग गुरुद्वारा, त्याच्या मागून वळसा घातला की विहीर, आणि विहिरीपाशी माईचा तंदूर. संध्याकाळी सगळ्या गल्ल्यांच्या बायका पिठाचे गोळे घेऊन तिथं यायच्या. आग एक, रोटी ज्याची त्याची. मिसळू नये म्हणून प्रत्येक गल्लीची खूण असायची. आमची चार बोटं आडवी, दणकून."

"आणि बाजारवाल्यांची?"

"वाटीची कड दाबायचे. पिठाला बोट लावायलासुद्धा त्यांचं मन होत नसे."

तिलकराजनं हे ऐकून बकाल्यात बसल्या बसल्या नाक उडवलं. "जाट गावात यायचे बैसाखीला आणि भांडायला. गाव म्हणजे बाजार. सराफ, कापडवाले, आमचं किराणा. पलीकडे पीराची मजार. गुरुवारचा दिवा माझी आजी लावायची आणि तेल यायचं तेल्यांकडून. फाळणीत बाकी सगळे मुसलमान गेले, तेल्यांची चार घरं तेवढी राहिली. का, तर निघायच्या दिवशी घाण्याचा बैल बसला तो उठेचना."

दिनकररावांनी मान डोलावली. ही थाप त्यांच्या तोडीची होती.

"त्या चारांतलं एक साबीरचं. त्यांची खूण तीन ठिपके. आणि बाजारातून तंदूरवर जायचं तर गुरुद्वाऱ्यामागून वळसा."

युनूस मसीह बोलायला वेळ घेत असे. बस उभी करून, स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "वीटभट्टीच्या पलीकडे आमची वस्ती, आणि चर्च. माई आमची रोटी सगळ्यांत शेवटी लावायची. सगळे तुम्हाला सांगतील, आग एक होती. एक होती खरी. आमच्यापर्यंत उरलेली यायची." मग जरा हसला. "आमची खूण समोरासमोर दोन चिमटे. रोटी मात्र चांगली व्हायची हां, मंद आगीवरची. शाळेला मी बाजारातून जायचो. गुरुद्वाऱ्यामागून, विहिरीवरून."

तिघांनी तीन गावं सांगितली, आणि तिन्ही खरी होती. दिनकरराव घरी आले ते मात्र अस्वस्थ होऊन. इतका वेळ खरं ऐकायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या खऱ्यात काहीतरी खटकत होतं.

३

जेवणाच्या टेबलावर त्यांनी कोट मेहताब मांडलं. मिसळणाचा डबा गुरुद्वारा, पाण्याचा तांब्या विहीर, इकडे लसणीची परडी बाजार, लोणच्याची बरणी मजार, टोकाला चमच्यांचा स्टँड म्हणजे वीटभट्टी आणि मसीहांची वस्ती.

रसिका पोळी खात उभी होती.

"बाबा, बाजारातून विहिरीवर सरळ का नाही जात कोणी?"

"म्हणजे?"

"परडी इथं, तांब्या तिथं. मधे काहीच नाही, तरी तिघंही डब्याला वळसा घालून जातात. मधे काय आहे? तळं? दरी?"

दिनकररावांनी टेबलाकडे पाहिलं. परडी आणि तांब्याच्या मधे मोकळी जागा होती. तिघं माणसं, तिघांचे धर्म वेगळे, एकमेकांना चिमटे काढल्याशिवाय एक वाक्य बोलत नाहीत, आणि तिघांच्या गावाला भोक एकाच जागी.

"रसिका, या गावात नांगर कोण करतं? दारं, खाटा?"

ती थांबली. पोळीचा तुकडा हातातच राहिला. "त्यांचे हात," ती म्हणाली. "मी पाहिलेत. तळव्याच्या मुळाशी रंध्याचा घट्टा होता. डाव्या अंगठ्याचं नख फुटून वेडंवाकडं उगवलेलं. आमच्या माहेरच्या सुताराचं होतं तसंच."

"सुतारांची गल्ली," दिनकरराव म्हणाले. "तीच खाल्ली तिघांनी. रोटीचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

होता. वाळून पापडासारखी झालेली रोटी. चार बोटं नव्हती, वाटीची कड नव्हती, चिमटे नव्हते, ठिपके नव्हते. कडेला अंगठ्याच्या नखानं उमटवलेली एकच चंद्रकोर होती.

"पाचवी खूण," दिनकरराव म्हणाले. "म्हणजे ती काढणारा हात इथं आहे, कुवेतमध्ये. वास कसला होता गं त्या रुमालाला?"

"ओव्याचा."

फिंतासमध्ये तंदूरच्या पिठात ओवा घालणारी खानावळ एकच होती. आणि तिथल्या रोटीवर दिनकररावांनी इतक्या शुक्रवारांत कधी कसलीही खूण पाहिलेली नव्हती.

४

शुक्रवारी जेवणं उरकली, गिऱ्हाईक पांगलं, शटर अर्धं खाली आलं. दिनकररावांनी तिघांना टेबलाशी धरून ठेवलं होतं. रसिकाही आली होती, कोपऱ्यात ताक घेऊन.

आता खरं सांगायचं तर हे काम चार वाक्यांत झालं असतं. पण माणूस दिनकर रेगे. जन्मभर थापा ऐकवल्यावर आज खरी गोष्ट हाती लागलेली. ते रंगात आले. त्यांनी टेबलावर मीठदाण्या मांडल्या, गाव उभं केलं, म्हातारा हा शब्द तिलकराजच्या तोंडून कसा निसटला ते त्याच्याच आवाजात करून दाखवलं.

"तुम्ही एक गल्ली गिळलीत," ते म्हणाले. "का गिळलीत? कारण त्या गल्लीचं नाव निघालं की तिथल्या माणसाचं नाव निघतं. सरवण मिस्त्रीची कोणीतरी इथं आहे. तिला झाकायला तुम्ही तिच्या बापाला अनोळखी केलंत. साबीरची बायको सहारनपूरची नाही. ती तुमच्याच गावची."

जगदेवनं पगडीत बोट घालून डोकं खाजवलं.

"मी एकटाच जाणत होतो," तो म्हणाला. "पळाले त्या दिवशी मीच त्यांना ट्रॅक्टरवरून स्टेशनला सोडलं."

तिलकराजनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू? अरे, तिचं बोचकं माझ्या बहिणीकडे ठेवलेलं होतं. मला वाटायचं, आमच्या घराशिवाय कोणाला ठाऊक नाही."

दोघांनी युनूसकडे पाहिलं. युनूस मीठदाणीकडे बघत होता.

"ती माझ्या वर्गात होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच ओळखलं मी तिला, इथं. तिनंही ओळखलं. तेव्हापासून मला वाढताना ती मान वर करत नाही."

वीसेक वर्षं एका टेबलावर जेवत होते, आणि एकानं दुसऱ्याला अक्षर सांगितलेलं नव्हतं. तिचं माहेरचं नाव तर आताही कोणाच्या तोंडून निघालं नाही.

"आणि मिस्त्री?" दिनकररावांनी विचारलं. "तो इथं आल्याचं तुम्हाला ठाऊक होतं."

"माझ्याकडे आला होता, मीना अब्दुल्लाला," जगदेव म्हणाला. "'माझी पोर पाहिलीस का?' एवढंच. मी नाही म्हटलं."

"माझ्या बकाल्यातही. मीही नाही म्हटलं."

"मी त्याला बसमध्ये घालून अख्खं फिंतास फिरवलं," युनूस म्हणाला. "ही गल्ली सोडून."

"पण का रे बाबांनो?"

"बाऊजी, तुम्ही तो दिवस पाहिला नाही," तिलकराज म्हणाला. "पोरगी तेल्याच्या मुलाबरोबर गेली म्हणून जिवंतपणी तिचा भोग घातला त्यानं. मेल्या माणसाच्या नावानं पाठ करून जेवण घालतात तसा. आणि नंतर लाकूड तासायचा वाकस हातात घेऊन आठवडाभर तेल्यांच्या दारात बसला. असा माणूस इतक्या वर्षांनी समुद्र ओलांडून येतो, तो काय लाडू द्यायला? साबीरही नाही आता. तिच्या पाठीशी कोण आहे?"

"आम्ही होतो," जगदेव म्हणाला.

"हो," दिनकरराव म्हणाले, आणि शेवटचा घाव घालायचा म्हणून आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही तिघं पाठीशी होतात, म्हणून तो सरवण सिंग आज शवागारात बेवारस पडलाय. पुरतील त्याला इथंच."

रसिका उठली. तिनं सासऱ्यांच्या दंडाला धरलं. पण उशीर झाला होता. वाढायच्या खिडकीचं झापड सकाळपासून उघडंच होतं.

नूरी दारात उभी होती. कोपरापर्यंत पीठ.

"शवागारात कोण पडलंय, चाचाजी?"

५

ती रडली नाही. परातीतलं पीठ तिनं झाकलं, तंदूरची हवा बंद केली, मोरीशी जाऊन हात धुतले. तिघा पुरुषांपैकी कोणाला उठायचंही सुचलं नाही. जगदेव म्हणाला, "बेहेनजी, आम्ही..."

"मला वाटलं, भापाजी गावी परत गेले असतील," ती म्हणाली. "रविवारी आले. एकटेच. भिंतीकडे तोंड करून बसले. मी खिडकीतून मान पाहिली आणि ओळखलं. पगडीखालची मान तेवढी तीच, मानेवरचे केस पांढरे झालेले. दाल पाठवली, रोट्या पाठवल्या. साध्याच. मग शेवटची लाटली आणि अंगठा..." तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "इथं आल्यापासून एकदाही काढली नव्हती ती खूण. मुद्दाम काढली. म्हटलं, कळलं तर येतील आत. दार काही लांब नाही."

"मग?"

"ताट परत आलं. ती रोटी ताटात नव्हती. मी बाहेर येऊन पाहिलं तर खुर्ची रिकामी. मी दिवसभर दार उघडं ठेवलं. सोमवारी पण."

रसिका म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर. मुलगी आहे म्हणून सांगा. गावी नेता येईल."

"गावी नेलं की सगळ्यांना कळेल मी कोण," नूरी म्हणाली. तिची मुलगी इक्रा रत्नागिरीच्या एका घरात जाणार होती. सासरच्यांना अजून सहारनपूरच ठाऊक होतं. नूरीनं ओढणी डोक्यावरून घेतली. "कळू दे. मी मेले म्हणून त्यांनी जेवण घातलं. त्यांना मी तरी बेवारस कशी म्हणू?"

युनूसनं शटर वर केलं. तिघंही मागे बसमधून निघाले, कोणी न सांगता. नूरी रसिकाच्या गाडीत पुढे बसली, दिनकरराव मागे. डाव्या हाताला समुद्र होता, आणि बाकांची रांग. ते कुठलं बाक, हे रसिकानं दाखवलं नाही आणि नूरीनं विचारलं नाही.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "चाचाजी, तुम्ही एवढं सगळं शोधलंत. एक सांगा. ते उठून गेले, ते रागानं का?"

हे मात्र दिनकररावांनी शोधलेलं नव्हतं. शोधता येण्याजोगं नव्हतंच ते. रोटी खाल्ली नाही, हेही खरं, आणि टाकली नाही, हेही खरं. रुमालात बांधलेल्या वस्तूचा राग की लोभ, हे कुठल्या लॅबमध्ये तपासतात? म्हातारा दार शोधत होता की दारापासून पळत होता, हे त्याच्याबरोबर बाकावर बसलं आणि तिथंच संपलं. उत्तर एवढंच होतं की ठाऊक नाही.

पुढच्या सीटवर बसलेल्या बाईची मान ताठ होती. अशी मान पाठीमागून बघून माणूस ओळखता येतो, हे त्यांनी नुकतंच ऐकलं होतं.

"रागानं?" दिनकरराव म्हणाले. "छे. तुला सांगायचं राहिलंच. आणलं तेव्हा शुद्धीवर होते ते. रसिकानं स्वतः ऐकलंय."

रसिकानं आरशातून सासऱ्यांकडे पाहिलं आणि गियर टाकला.

"रोटी छातीशी धरलेली," दिनकरराव सांगू लागले. "नर्स काढून घ्यायला गेली, तर देईनात. म्हणाले, घरची आहे. इतक्या वर्षांनी घरची मिळाली, ही इथं नाही खायची."

नूरीनं डोळे मिटले. तिचे ओठ हलले, कोणासारखं तरी बोलून बघावं तसे.

"म्हणाले, छातीत कळ आली म्हणून वाऱ्याला जाऊन बसलो. जरा बरं वाटलं की परत जाणार होतो त्या दारापाशी. डोळे पुसून. पोरीसमोर तसं जायचं नव्हतं."

"हो," नूरी म्हणाली. "रडलेलं कोणाला दिसू द्यायचे नाहीत. मी लहान असताना बीजी, माझी आई, गेली तेव्हासुद्धा गोठ्यात जाऊन बसले होते." तिचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती, अगदी थोडं. गाडी इस्पितळाच्या रस्त्याला वळली. मागून बस वळली.

इथं थांबायला हवं होतं. कोणीही थांबला असता. पण तिचं ते हसू दिनकररावांना आरशात दिसलं, आणि त्यांना वाटलं, अजून थोडं देता येईल. एवढं कमी का द्या, आपल्याजवळ तर अमाप आहे.

"आणि शेवटी रसिकाचा हात धरला त्यांनी," ते म्हणाले. "म्हणाले, माझी पोर भेटली तर तिला सांगा, माझं चुकलं."

नूरीनं डोळे उघडले. ती खिडकीबाहेर बघू लागली. इस्पितळाचं फाटक आलं, रसिकानं गाडी उभी केली, तरी ती उतरेना.

"इथवर मी मानलं होतं, चाचाजी," ती म्हणाली. "'माझं चुकलं' असं भापाजी म्हणाले? खोटं बोलताय तुम्ही."